रुमालाखालची दोन बोटं

व्यंकटीच्या घरात तेवीस चाकू होते आणि कांदा मात्र विळीवरच चिरला जायचा. त्याची बायको पारूबाई हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. "पेटीभर पाती हायत, पर भाजीला येक मागितला तर पोरगी मागितल्यावानी तोंड करत्यात."

व्यंकटी हेडी होता. एका बाजारात बैल घ्यायचे, दुसऱ्या बाजारात विकायचे आणि मधलं अंतर बैलांमागं पायी तुडवायचं, हा त्याचा धंदा. गाव तोगरवाडी, उदगीरच्या पूर्वेला, देगलूरच्या वाटेवर. घरची चार एकर कोरडवाहू भाऊ कसायचा. व्यंकटी आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर असायचा आणि कमरेला बांधलेल्या कशात, म्हणजे कापडी पिशवीत, रोकड असायची. रोकड घेऊन एकटा चालणारा माणूस दुरून ओळखू येतो. अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात मुखेडच्या चढावर तिघांनी त्याला असाच ओळखला. त्याच्या हातात काठी होती. एकानं ती हिसकली आणि मग तिनंच त्याला झोडपलं. गळ्याजवळचं हाड मोडलं, कसा गेला, धोतरही गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोणपाट गुंडाळून गावात आला.

हाड जुळायला दोन महिने गेले. तेवढ्या वेळात त्याचा विचार पक्का झाला होता. काठी कोणालाही हिसकता येते. पातं हिसकायला हात घालील त्याचा हात जाईल. तो नांदेडला गेला, गुरुद्वाऱ्याच्या बाजारातून वीतभर पात्याचा एक सुरा घेऊन आला आणि त्या दिवसापासून बिनचाकूचा घराबाहेर पडला नाही.

गरज एका चाकूनं भागली होती. पुढचे बावीस गरजेपोटी आले नाहीत. उदगीरच्या एका जुन्या जहागीरदाराच्या पदरी असलेल्या म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून सांबरशिंगाच्या मुठीचा सुरा आला. त्याच्या पात्यावर परदेशी अक्षरं होती. व्यंकटीला ती वाचता येत नव्हती आणि त्यानं ती कोणाकडून वाचूनही घेतली नाहीत. ट्रकच्या कमानपाट्यातून ठोकून काढलेला, मुठीला सुतळी गुंडाळलेला सुरा एका पारध्यानं दिला. त्यानं रानडुकराचं पोट एकाच ओढीत गळ्यापासून शेपटीपर्यंत उघडलेलं व्यंकटीनं समोर उभं राहून पाहिलं होतं. एका ड्रायव्हरकडून खटक्याचा रामपुरी आला. खटका दाबला की त्याचा असा आवाज व्हायचा की कोंबड्या पांगायच्या. घडीचे, सरळ, जाड पाठीचे, मासोळीसारखे पातळ. पत्र्याच्या पेटीत प्रत्येकाला वेगळी चिंधी होती. दर अमावास्येला तो सगळे बाहेर काढायचा, एरंडेल लावायचा आणि पुसून ठेवायचा. बाजाराच्या दिवशी दुसरी माणसं पटका निवडतात तसा तो चाकू निवडायचा. एक लांब, सदऱ्याखाली कमरेला. एक घडीचा, बंडीच्या आतल्या खिशात.

त्याचा एक नियम होता. चाकू दाखवायचा नाही. दाखवला तर वापरायचा. त्रेसष्ट साली माळेगावच्या जत्रेत एकानं गर्दीत त्याच्या कशाला हात घातला. व्यंकटी ओरडला नाही. त्यानं घडीचा चाकू उघडला आणि त्या माणसाचा अर्धा कान उतरवला. माणूस कान दाबत गर्दीत शिरला. उरलेला तुकडा व्यंकटीनं पायानं बाजूला सारला आणि बैलाचे दात बघण्याचं राहिलेलं काम पुरं केलं. त्यानंतर नऊ वर्षं त्याच्या वाटेला कोणी गेलं नाही.

बहात्तरचा पाऊस गेला. त्र्याहत्तरच्या मार्चपर्यंत माणसं खडी फोडायला लागली होती आणि दावणीची जनावरं मिळेल त्या किमतीला निघाली होती. हेड्यांना बैल फुकटात मिळत होते, पण ते विकायच्या बाजारापर्यंत जिवंत न्यायला पाणी नव्हतं. देगलूरच्या अलीकडं रस्त्याला लागून एक विहीर होती, तिच्याशेजारी जनावरांचा हौद. आठ-दहा कोसांत तेवढंच पाणी. खडी फोडणारी माणसं तेच पीत होती, येणारीजाणारी जनावरंही तेच.

व्यंकटी चौदा बैल घेऊन सकाळपासून तिथं पाळीला उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा मागून भीमाशंकर चाळीस जनावरं घेऊन आला. भीमाशंकर देगलूरकडचा मोठा हेडी. आडव्या बांध्याचा, हसऱ्या तोंडाचा, निम्मं कानडी बोलणारा. कळपाच्या पुढं त्याचा लाल कंधारी वळू चालत होता. हा वळू विकायचा नव्हता. भीमाशंकर त्याला बाजारोबाजार नुसता मिरवायचा. वळू सरळ हौदाला लागला.

"आण्णा, पाळी माझी हाय," व्यंकटी म्हणाला.

"पाळी मानसाला आसती, व्यंकटी. जनावराला काय कळतंय?"

"माझीबी जनावरंच हायत."

"ही?" भीमाशंकरनं त्या चौदा बैलांवरून नजर फिरवली. "ही तर चालती कातडी हायत रे. कशाला पानी नासतोस?"

त्याचे चारही गडी हसले. खडी फोडणाऱ्या बायाही हसल्या. व्यंकटीनं सदऱ्याखालून सुरा काढला. हसणं थांबलं, भीमाशंकरचं सोडून.

"काढलास व्हय? आता काय करनार? पारूबाईला कांदा चिरून देनार?"

भीमाशंकरच्या दोन्ही बाजूंना काठ्या घेतलेले गडी होते. तिथपर्यंत हात पोचणार नव्हता. वळू हातभर अंतरावर, पाठमोरा, हौदात तोंड घालून उभा होता. व्यंकटी वाकला आणि त्यानं वळूच्या मागच्या डाव्या पायाची टाचेवरची शीर आडवी कापली.

वळू ओरडला नाही. मागचं धूड एकदम खाली बसलं. उठायला म्हणून त्यानं पुढचे पाय हौदात टाकले आणि तो हौदातच कलंडला. पाणी लाल झालं. रक्ताच्या वासानं चोपन्न जनावरं बिथरून रस्त्यावर पांगली. कोणाच्याच बैलांनी त्या दिवशी तिथं पाणी प्यायलं नाही. गडी व्यंकटीवर पडले. त्यानं एकाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उभा चिरला. बाकीच्यांनी त्याच्या तीन बरगड्या मोडल्या. खडीवरची माणसं मध्ये पडली म्हणून तो वाचला. भीमाशंकरनं त्याला हातही लावला नाही. तो हौदात कमरेएवढ्या पाण्यात उतरून वळूचं डोकं पाण्याबाहेर धरून उभा होता. तिसऱ्या दिवशी वळू मेला.

हेड्यांत एक रीत होती. दोघांचं वैर झालं की बाजार बिघडतो. म्हणून बाकीचे हेडी मध्ये पडायचे, दोघांना समोरासमोर आणायचे आणि त्यांच्यात एक सौदा करायला लावायचे. सौदा झाला की वैर संपलं. पुन्हा त्या गोष्टीचा उच्चार करायचा नाही. सौदा अर्थात रुमालाखाली. दोघांच्या उजव्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटांनी भाव बोलायचा. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार, पूर्ण पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार, ते समोरच्या बैलावरून कळतं. बाहेर तोंडानं भलतंच बोललं तरी चालतं. आत काय झालं ते तिसऱ्यानं विचारायचं नाही, कळलं तरी बोलायचं नाही. आणि पुढं केलेला रुमाल नाकारायचा नाही. नाकारणारा हेडी नव्हे.

मेमध्ये ग्यानोबा निरोप घेऊन आला. ग्यानोबा तोगरवाडीचाच, व्यंकटीच्या बरोबरीचा हेडी. वीस वर्षं दोघं एकाच वाटेनं बाजाराला जात होते.

"भीमाण्णा मिटवायचं म्हनून राहिला. कासारखेडच्या बुधवारच्या बाजारात. तुझा देवणी बैल घेतो म्हनतो."

"वळूचं काय म्हनला?"

"वळूचं नावबी न्हाई काढलं."

"न्हाई काढलं, मंजी डोक्यात हाय."

"मग नको येऊस. घरी बस. चाकवाला तेल लावत बस," ग्यानोबा चिडून म्हणाला.

व्यंकटी गेला. त्या दिवशी त्यानं पारध्याचा सुरा कमरेला लावला आणि बंडीच्या खिशात रामपुरी ठेवला. वाटभर तो भीमाशंकरच्या गड्यांचा विचार करत होता: किती असतील, कोणत्या बाजूनं येतील, पाठ कुठं लावायची. बाजारात पोचल्यावर त्यानं पाहिलं, भीमाशंकर एकटाच आला होता. कमरेला काही नव्हतं. चिंचेखाली ग्यानोबा धरून अकरा हेडी गोल करून उभे होते. भीमाशंकरनं देवणीचे दात पाहिले, वशिंडावर थाप मारली आणि खांद्यावरचा रुमाल झटकून पुढं केला.

"ये, व्यंकटराव. मिटवू."

व्यंकटीनं उजवा हात रुमालाखाली दिला. भीमाशंकरनं आधी तीन बोटं धरली. व्यंकटीनं मान हलवली. भीमाशंकर हसला आणि त्यानं चार धरली. दुष्काळात त्या बैलाला चारशे म्हणजे रास्त भाव होता. व्यंकटीचा जीव भांड्यात पडला. समोरचा माणूस खरोखरच मिटवायला आला होता. चारही बोटं भीमाशंकरच्या मुठीत आवळलेली होती आणि डाव्या हातानं त्यानं रुमालाची कड सावरून धरली होती.

आधी दुखलं नाही, थंड लागलं. मग ओढ बसली, बाभळीची फांदी ओढून तोडतात तशी. व्यंकटीनं हात मागं घेतला तेव्हा रुमाल त्याच्या हाताबरोबर आला आणि लाल झाला. करंगळी मुळापासून गेली होती, तिच्या शेजारचं बोट मधल्या पेरापासून. दोन्ही तुकडे धुळीत पडले. बैल बुजून फिरला आणि एकावर त्याचा खूर पडला. दुसऱ्याला कुत्र्यानं तोंड लावलं. अकरा माणसांपैकी कोणीही हललं नाही.

"सौदा मोडला," भीमाशंकर म्हणाला आणि पाठ वळवून चालायला लागला.

व्यंकटीच्या कमरेला सुरा होता. तो काढायचा हात उरला नव्हता. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याला धुळीत चाकू दिसला. भीमाशंकरनं टाकून दिलेला. घडीचा, काळ्या शिंगाच्या मुठीचा, पातं वाघनखासारखं आत वळलेलं, मुठीवर पितळेची बारीक मासोळी जडवलेली. असा चाकू त्यानं कधी पाहिला नव्हता. उजव्या हाताला रक्ताच्या धारा लागलेल्या असताना त्यानं डाव्या हातानं तो उचलला, गुडघ्यावर दाबून मिटवला आणि बंडीच्या खिशात घातला. मग तो शुद्ध हरपून पडला.

उदगीरच्या दवाखान्यात जमादार जबाब घ्यायला आला.

"हत्यार कोणतं होतं?"

"चाकू."

"कुठंय?"

"दिसला न्हाई."

खाटेखाली त्याची बंडी गुंडाळून ठेवलेली होती आणि चाकू तिच्यात होता. असं का केलं, हे त्यानं पुढं कोणाला एक सांगितलं, कोणाला दुसरं. कधी म्हणायचा, त्याच चाकवानं त्याची बोटं घ्यायची होती म्हणून. कधी म्हणायचा, जमादार मुद्देमाल म्हणून घेऊन गेला असता, परत कुठला मिळतोय. पारूबाईच्या मते दुसरंच खरं होतं.

खटला पंच्याहत्तर साली उदगीरच्या कोर्टात उभा राहिला. हत्यार नव्हतं. अकरा साक्षीदार होते आणि अकराही जण एकच बोलले. ग्यानोबाची पाळी नववी होती. व्यंकटी त्याच्याकडं बघत राहिला. ग्यानोबानं कोर्टाच्या खिडकीकडं पाहिलं.

"रुमालाखालचं तिसऱ्याला दिसत न्हाई, साहेब."

"पण रक्त तर दिसलं असेल?"

"रगत दिसलं. कुनी काढलं ते न्हाई दिसलं."

मग भीमाशंकरचा वकील उठला आणि त्यानं व्यंकटीला विचारलं, घरी चाकू किती आहेत. व्यंकटी तेवीस म्हणाला. चोविसावा त्यानं मोजला नाही. वकिलानं विचारलं, त्या दिवशी अंगावर किती होते. दोन. माळेगावला कोणाचा कान कापला होता का? वळूची शीर कोणी तोडली? व्यंकटीनं सगळ्याला हाव, म्हणजे होच, म्हटलं. वकिलानं कोर्टाला समजावून सांगितलं, की चाकूशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या या माणसानं रुमालाखाली चाकू काढायचा प्रयत्न केला आणि त्यात स्वतःचीच बोटं कापून घेतली. भीमाशंकर संशयाच्या फायद्यावर सुटला. निकालाच्या कागदावर लिहून आलं, की जखम फिर्यादीच्या स्वतःच्या हातून झाली असणं अशक्य नाही. व्यंकटीनं ती ओळ दोन वेळा वाचून घेतली.

धंदा संपला होता. उजव्या हातावर चार आणि पाच बोलायला बोटं नव्हती आणि डाव्या हाताचा सौदा बाजार मानत नाही. एकदोनदा त्यानं तोंडी भाव करून पाहिला. माणसं हसली नाहीत, नुसती दुसरीकडं वळली. पुढं तो ग्यानोबाचे बैल हाकायला लागला, रोजावर. ग्यानोबा पुढं चालायचा, हा मागं. साक्षीवर दोघं कधी बोलले नाहीत.

चाकू घेणं त्यानं बंद केलं. पेटीतले तेवीस तसेच राहिले. वाकड्या पात्याचा तो एक मात्र रोज बाहेर यायचा. अंगणातल्या लिंबाला त्यानं भुशाचं पोतं टांगलं होतं आणि खाली एक लाकडी पाट ठेवला होता. उरलेल्या तीन बोटांनी उजव्या हातात बाभळीची काटकी धरायची, पाटावर दाबायची आणि डाव्या हातानं एका ओढीत तोडायची. काटकी करंगळीच्या जाडीची. रोज वीस. कोण सोडवायला आलं तर, म्हणून मग पोत्यात दोन वार.

पारूबाई चार वर्षं बघत राहिली आणि मग तिनं तोंड उघडलं. "मारून टाकायचं आसल तर येकदा मारून या. ही रोजची ठकठक बंद करा."

"मारायचं न्हाई मला."

"मग?"

"दोन बोटं. तेवढीच."

"आनून मी काय त्याचं कालवन करू?"

त्यानं पुढची काटकी पाटावर ठेवली. खरं तर अडचण वेगळीच होती. खटल्यानंतर भीमाशंकर देगलूर सोडून गेला होता. कोणी म्हणायचं भालकीला आहे, कोणी निजामाबादला. व्यंकटी दोन वेळा जाऊन आला. हात हलवत परत.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात ग्यानोबा एके दुपारी अंगणात येऊन बसला. उस्मानाबाद जिल्हा मोडून लातूरचा वेगळा होणार, पंधरा तारखेला मोठा कार्यक्रम, सगळा तालुका चालला आहे, असं बरंच बोलला. मग पोत्याकडं बघत म्हणाला, "भीमाण्णा लातुरात हाय. जिल्हा व्हनार म्हनून जागा घेतली. कडब्याचा अड्डा टाकलाय, स्टेशनाच्या वाटंला."

"मला कशाला सांगतोस?"

"न्हाई सांगितलं तरी बोलशील, सांगितलं तरी." तो उठला. "ह्या टायमाला दिसलं, म्हनून सांगितलं."

पंधरा तारखेला व्यंकटी सकाळच्या एस.टी.नं लातूरला उतरला. गाडी टपावरसुद्धा भरलेली होती. रस्त्यांवर कमानी, शाळेच्या पोरींचं लेझीम, कर्ण्यावर गाणी. सगळी गर्दी एका बाजूला चालली होती आणि पोलीसही तिकडंच होते. व्यंकटी उलट्या बाजूला चालला. बंडीच्या खिशात वाकडा चाकू होता. कमरेला काही नव्हतं.

अड्डा सापडायला वेळ लागला नाही. पत्र्याच्या छपराखाली कडब्याच्या पेंढ्यांची चळत, एका अंगाला कुट्टीचं यंत्र, आणि बाजेवर भीमाशंकर. केस पांढरे झाले होते. अंगावर पांघरूण घेऊन बसला होता. त्यानं व्यंकटीला लगेच ओळखलं.

"ये की, व्यंकटराव. मी म्हनत होतो, हा आजून कसा आला न्हाई. सिंधु, दोन च्या टाक गं."

आतून त्याची सून सिंधु डोकावली आणि चहा ठेवायला गेली. व्यंकटी बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"बोटं न्यायला आलोय, आण्णा."

"म्हाईत हाय." भीमाशंकरनं पांघरुणातून उजवा हात काढून समोर धरला. अंगठा होता. बाकी काही नव्हतं. तळव्याचा तिरका तुकडा आणि त्यावर शिवणीचे वळ. "परसाल कुट्टीत गेला. चारी. कडब्यासंगं म्हशीनं खाल्ली आसतील. आता कुठली नेतोस, ने."

 व्यंकटीनं इतकी वर्षं रोज वीस काटक्या त्या हातासाठी तोडल्या होत्या. सिंधु दोन कप घेऊन आली, ठेवून दाराशी उभी राहिली. भीमाशंकरनं डाव्या हातानं कप उचलला. व्यंकटीनंही चहा घेतला. बाहेर कर्ण्यावर भाषण सुरू झालं होतं.

"मग येक कर," व्यंकटी म्हणाला. "चल माझ्यासंगं बाजारात. चार मानसांत म्हन, मी कापली म्हनून. म्हनलास की मी चाललो."

"आता हितं म्हनतो की. कापली मी. माझा वळू मेला, म्हनून कापली. बास?"

"चार मानसांत."

"चार मानसांत कशाला?" भीमाशंकर हसला, तेच जुनं, मोकळं हसू. "चार मानसांत कोर्टानं सांगितलंय, तुझी तूच कापलीस. कागद हाय माझ्यापाशी. दाखवू? वाचून दावंल सिंधु."

व्यंकटीनं कप खाली ठेवला. उजव्या हाताच्या तीन बोटांनी त्यानं भीमाशंकरचं डावं मनगट धरलं आणि बाजेच्या लाकडावर दाबलं. भीमाशंकरच्या हातातला कप फुटला. चाकू खिशातच उघडलेला होता. एका ओढीत करंगळी गेली. शेजारचं बोट हाडाला अडलं. काटकीला हाड नसतं. भीमाशंकरनं त्याच्या पोटात लाथ घातली, दोघं बाजेवरून पेंढ्यांवर आणि तिथून जमिनीवर आले. भीमाशंकरनं त्याचा गाल दातांत धरला आणि सोडेना. व्यंकटीनं चाकू त्याच्या मांडीत खुपसला आणि फिरवला, तेव्हा दात सुटले. मग तो त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला, हात पुन्हा ओढला आणि राहिलेलं बोट दुसऱ्या ओढीत तोडलं.

सिंधु ओरडत नव्हती. तिनं भरलेली घागर उचलली आणि व्यंकटीच्या डोक्यात घातली. तो कडेला पडला. ती त्याच्यावर उभी राहून म्हणाली, "उजवा मशीननं खाल्ला, डावा तू. आता ह्यांना घास कोन भरवनार? तू येनार हायस रोज?"

 व्यंकटी पळाला नाही. कुट्टीच्या यंत्राला टेकून, फाटलेला गाल धरून, पोलीस येईपर्यंत बसून राहिला. पोलिसांना यायला दोन तास लागले. सगळे मैदानावर होते.

आठवड्यानं तोगरवाडीला पंचनामा झाला. पारूबाईनं स्वतः पेटी अंगणात ओढून आणली आणि चिंध्या सोडून तेवीसच्या तेवीस चाकू पाटावर मांडले. "न्या," ती म्हणाली. "येकाला तरी ह्यांनी मानसागत कामाला लावलं आसतं तर न्या म्हनले नसते." शिपायानं रामपुरीचा खटका दाबून पाहिला आणि दचकला. गाव हसलं.

भीमाशंकर वाचला. खटला नव्या जिल्ह्याच्या कोर्टात, लातूरलाच चालला. हत्यार होतं, रक्त होतं आणि दाराशी उभं राहून सगळं पाहिलेली एक साक्षीदार होती. सिंधु पिंजऱ्यात उभी राहिली. समोरच्या बाकावर तिचा सासरा बसला होता, दोन्ही हात पांघरुणात. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं: कोण कुठं बसलं होतं, कोणता हात धरला, किती वेळा ओढला. दहा मिनिटंही लागली नाहीत. सरकारी वकील समाधानानं खाली बसले.

व्यंकटीच्या वकिलानं उठून एकच प्रश्न विचारला. मारामारीच्या आधी दोघांत काही बोलणं झालं का?

सिंधुनं सासऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान किंचित आडवी हलवली. घरी जाऊन रात्रीचा घास तिलाच भरवायचा होता.

"झालं," ती म्हणाली. "आमचे मामा म्हनले, कापली मी. माझा वळू मेला म्हनून कापली. मी च्या घेऊन उभी होते."

"म्हणजे आरोपीची बोटं..."

"मामांनी कापली. मामाच म्हनले तसं."

सरकारी वकील उठले, याचा या खटल्याशी संबंध नाही म्हणाले. न्यायाधीश म्हणाले, साक्षीत आलं आहे, लिहून घ्या. लिहून घेतलं गेलं. मग त्यांनी व्यंकटीला विचारलं, साक्षीदाराच्या बोलण्यावर तुला काही सांगायचं आहे का.

व्यंकटी उभा राहिला. गालावरची जखम वाकडी भरली होती, त्यामुळं शब्द एका अंगानं यायचे.

"बाई सगळं खरं बोलल्या, साहेब. तेवढं शेवटचं येकदा वाचून दाखवा म्हनावं."

न्यायाधीशांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकुनानं ओळ वाचली.

"मोठ्यानं," व्यंकटी म्हणाला.

कारकुनानं ती पुन्हा, मोठ्यानं वाचली. मागच्या बाकांवर ग्यानोबा होता, तोगरवाडीची आणखी चारसहा माणसं होती. सगळ्यांना ऐकू गेलं.

"हाव," व्यंकटी म्हणाला आणि खाली बसला. पाच वर्षांची सजा सुनावली तेव्हा त्यानं किती म्हणून विचारलंही नाही.